रंगखात्याचे मंत्री

सर गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा बायकांच्या रांगेत मला भिंतीलगतची खुर्ची मिळाली. अशा वेळी कुठं बघावं ते कळत नाही, म्हणून मी भिंतीकडे बघत बसले. खुर्चीच्या पाठीमागे, कमरेच्या उंचीवर, नखाएवढा एक चौकोन खरवडलेला होता. वरून आत चार रंग दिसत होते. फिकट हिरवा, मग बदामी, मग आकाशी आणि सगळ्यांत आत चुन्याचा पांढरा. त्याच्या शेजारी दुसरा चौकोन, थोडं पुढं तिसरा. सरांच्या पत्नी जवळ आल्या. माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं आणि त्या किंचित हसल्या.

"सोताचं घरसुद्धा नाय सोडलं बघ. पाहुणे यायचे म्हटलं की मी खुर्ची तिथं सरकवायचे, भोकं झाकायला."

तेव्हापासून थोडं थोडं लिहिते आहे. लिहून झालं की सर पूर्ण गेले असं वाटेल, म्हणून घाई करत नाही.

ती खरवडायची सुरी सरांच्या खिशात पेनाशेजारी असायची. पातं बोटाएवढं, मूठ लाकडी, टोकाला रबराचं टोपण. लग्न असो, बारसं असो की बँकेतलं काम, सर आधी भिंतीजवळ जाणार, इकडंतिकडं बघणार आणि खरवडणार. मग डोळ्याला लहान भिंग लावून थर मोजणार. थरांतून त्यांना घर वाचता यायचं. एकाएकी भडक गुलाबी आला की म्हणायचे, "हितं लग्न झालं." दोन थरांच्या मध्ये काजळीची जाड रेघ दिसली की मात्र सुरीला टोपण लावून खिशात टाकायचे आणि त्या घराबद्दल काही बोलायचे नाहीत. बरीच वर्षं ज्या घराला रंग मिळाला नाही, त्या घरानं काय सोसलं असेल, याचा अंदाज त्यांना असायचा.

मी रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा गुलमंडीच्या मागं एका घराची वरची खोली भाड्यानं घेतली होती. घरमालक अभिमानानं सांगायचे की ते दर दिवाळीला रंग देतात, भाडेकरूच्या खोलीलासुद्धा. सर एकदा माझ्या पुस्तकांची पेटी स्कूटरवरून पोचवायला आले. मी पाणी आणेपर्यंत त्यांचं काम उरकलं होतं.

"मालक, दर दिवाळीला म्हणालात?"

"व्हय. एक वर्ष चुकलं नाय."

"मग ह्या खोलीनं आजवर तीनच दिवाळ्या बघितल्या. दोन डिस्टेंपर, एक चुना. आन् चुना निजामाच्या वेळचा दिसतोय."

"अहो, पण माझ्या भिंतीला भोक पाडलं की तुम्ही!"

"भोक कुठं? दाखला काढला."

त्या दिवाळीला माझ्या खोलीला रंग मिळाला. घरमालकांनी तो आमच्याच कारखान्याचा घेतला, बहुधा पुन्हा दाखला निघू नये म्हणून.

आमचा कारखाना चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला लागून होता. पत्र्याची एक शेड, तीन मिक्सर, एक चिमुकली प्रयोगशाळा आणि सगळे मिळून अकरा जण. मालकांना सगळे सेठ म्हणायचे. त्यांच्या घराण्याचं शहरात तीन पिढ्या रंगाचं दुकान, आणि कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. सर तिथले मॅनेजर, केमिस्ट, खरेदी अधिकारी आणि वेळ पडली तर हमाल. पाचोडकडच्या एका शेतकरी घरातून शिकून आलेले. मी एम.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली लागले, आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी मला "मॅडम" म्हटलं. त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

मंत्री हे नाव त्यांना मिक्सरवरच्या मामांनी दिलं. त्याला कारण खंडेनवमीचं भाषण. त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जायच्या, सेठ पेढे आणायचे, आणि पूजा झाली की सर एका पालथ्या ड्रमवर चढायचे. खिशातून घडी घातलेले कागद निघायचे.

"बंधूंनो आणि मॅडम. देशाच्या रंगउद्योगाची यंदाची अवस्था आणि पुढची दिशा मी आता आपल्यापुढं मांडतो."

समोर आम्ही दहा जण, त्यांतले दोघे पेढ्याच्या खोक्याकडे बघणारे. पण सर बोलायचे ते साऱ्या देशाचा कारभार त्यांच्या टेबलावरून चालतो अशा थाटात. कच्चं तेल कुठं चाललंय आणि त्यामागोमाग आपलं थिनर कसं चालणार. भिंतीचा पांढरेपणा ज्या पावडरीतून येतो, ती बरीचशी परदेशातून जहाजानं येते, हे ते दरवर्षी दुखावल्यासारखे सांगायचे. "चुना आपला होता, मंडळी. पांढरा रंग आपण विकत घ्यायला लागलो." मग आशेचा भाग यायचा. आपल्याकडं घरं अजून कितीतरी बांधायची आहेत, बांधलेल्यांतली निम्मी बिनरंगाची आहेत, बाहेरच्या देशांच्या मानानं आपला माणूस रंग वापरतोच किती, म्हणजे हा धंदा अजून अंगणातसुद्धा आलेला नाही, उंबरा तर लांबच राहिला.

सेठ एकदा वैतागून म्हणाले, "सर, अपने यहाँ ग्यारह आदमी है. मुल्क की बात कायकू?"

"सेठ, ढग मुलखावर येतात, पण गळतो आपला पत्रा."

भाषणासाठी ते महिनाभर आधी फिरायचे. गुलमंडीतल्या कापडवाल्यांना विचारायचे की लग्नाचा बस्ता किती घरांनी बांधला, कारण बस्ता बांधलेलं घर भिंत रंगवणारच. पाचोडच्या आठवडी बाजारात जाऊन ब्रश विकणाऱ्यापाशी तासभर उभे राहायचे. रंगाच्या दुकानात लोक नुसती चौकशी करून जातात, ब्रशची कोणी चौकशी करत नाही, थेट उचलतं. "ब्रशवर माझा भरवसा आहे," असं ते एखाद्या जुन्या मित्राबद्दल बोलावं तसं म्हणायचे. आणि सांगायला हवं, त्यांचे अंदाज बहुतेक खरे निघायचे.

एक सपशेल चुकला. एका वर्षी ड्रमवरून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की या धंद्यात आता नवा मोठा कोणी येणार नाही. "सिमेंटवाला रंगात कशाला येईल? गवंडी कधी सोनार झालाय?" पुढच्या काही काळातच रंगाशी काही नातं नसलेले दांडगे उद्योग रंगात उतरले. दुकानदारांना त्यांनी छटा काढायची यंत्रं नेऊन दिली, आणि रंगातल्या जुन्या मोठ्या कंपन्यांनीही मग सवलती द्यायला हात सैल सोडला. पुढच्या खंडेनवमीला सरांनी कागद उघडले आणि पहिलंच वाक्य वाचलं, "गेल्या वर्षी याच ड्रमवरून मी जे बोललो ते चूक होतं. ड्रमचा दोष नाही." सगळे हसले. सर हसले नाहीत.

कारण पत्रा गळायला लागला होता. मोठ्यांच्या भांडणात आमच्यासारख्यांच्या डब्यांना फळीवर जागा राहिली नाही. मी सरांबरोबर शहरातल्या एका जुन्या दुकानात गेले होते. आमचे डबे समोरच्या फळीवरून मागं गेले होते, आणि त्यांच्या जागी ते यंत्र उभं होतं, कपाटाएवढं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "सर, या यंत्रातून हजार छटा निघतात. तुमच्या बावीस छटांचं मी काय करू, तुम्हीच सांगा." सवयीनं सरांचा हात खिशाकडे गेला, पण दुकानाच्या भिंतीला चकचकीत पत्रे लावले होते, खरवडायलाही काही नव्हतं.

त्याच सुमारास शेडची चौकशी करत एक गोदामवाले येऊ लागले. त्यांना पैठण रस्त्यावर जागा हवी होती. सेठनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. ते लपवाछपवी करणारे नव्हते. "सर, मैं भी इन्सान हूँ. मृग लगने तक देखता. उसके बाद चाबी उनको देनी पडेगी."

मृगापर्यंत. अकरा जणांची नोकरी आणि सेठच्या वडिलांचा कारखाना, सगळं त्या एका मुदतीला टांगलेलं.

सरांकडे एक गोष्ट होती, जिला आम्ही तोवर खूळ समजत होतो. दोनेक वर्षांपूर्वी पाचोडच्या बाजारात त्यांनी भिंतीऐवजी एक पेरणी यंत्र खरवडलं होतं. ट्रॅक्टरमागं लावतात ते, एका पेटीत बी आणि एका पेटीत खत. खताच्या पेटीला सुरी लावली तर रंगाचा अख्खा पापड हातात आला आणि खाली पत्र्याची चाळण. खताची धूळ कोपऱ्यात बसते, हवेतलं पाणी ओढते आणि पत्रा खाते. शेतकरी दर दोन हंगामांना पेटीचा तळ बदलतात, हे सरांना घरूनच माहीत होतं. तेव्हापासून ते प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खताला पुरून उरेल असा रंग करत होते, तोही भट्टीशिवाय वाळणारा. मीही त्यात हात घातला होता, बरेच डबे फुकट घालवले होते. आता तो रंग आमच्या मनासारखा झाला होता.

वाळूजला पेरणी यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी होती. तिथले क्वालिटीचे साहेब तरुण, सभ्य, कागदाला धरून चालणारे. त्यांनी आमचा अहवाल बघितला. मिठाच्या पाण्याचा फवारा मारून रंगाची परीक्षा घेतात, तीत आमचा रंग कसाबसा पास होता. त्यांचा चालू रंग, एका मोठ्या कारखान्याचा, सहज पास.

"सर, तुमचा रंग वाईट नाही," साहेब म्हणाले, "पण आमचा यापेक्षा चांगला आहे. कागद तेच सांगतोय."

"साहेब, तुमच्या यंत्रातून शेतकरी मीठ पेरतो का खत?"

साहेब हसले. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावर झुकून आपली परीक्षा समजावली. पत्र्याच्या सहा पट्ट्या साहेबांच्या चालू रंगाच्या, सहा आमच्या, दोन्ही त्यांच्याच निळ्या छटेत. ओळखायला मागं भोकं, आमच्या पट्टीला एक, त्यांच्या पट्टीला दोन. प्रत्येक पट्टीवर सुरीनं फुली मारायची, ओल्या खतात घोळायची आणि गोणीत भरून म्हशीच्या उकिरड्यात पुरायची. दिवाळीपासून उन्हाळा संपेपर्यंत.

"असली परीक्षा कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तक मॅडम वाचतात. मी उकिरड्यात वाढलो."

साहेबांनी पट्ट्या दिल्या. बहुतेक कुतूहलापोटी. मे अखेरीला बघायला येतो म्हणाले, लेखी काही देणार नाही म्हणाले. दिवाळीनंतर आम्ही पाचोडच्या अलीकडं सरांच्या थोरल्या भावाच्या शेतावर गेलो आणि गोणी पुरली. मी वहीत तारीख आणि खोली लिहून घेतली. सर म्हणाले, "आता म्हैस बघून घेईल."

मे अखेरीला आम्ही निघालो तेव्हा मृगाला आठवडा उरला होता, पण घाईला आलेले गोदामवाले त्याच संध्याकाळी चावीसाठी येणार होते. सेठच्या गाडीत सेठ, साहेब, सर आणि मी. मागून टेम्पोत मामा आणि उरलेले सगळे, कारण त्या दिवशी कारखान्यात थांबून कोणाच्याच हातून काम झालं नसतं. शेतात उतरलो, गोठ्यामागं गेलो. उकिरड्याच्या जागी स्वच्छ झाडलेला खड्डा होता.

"दादा, उकिरडा कुठाय?" सरांनी विचारलं.

"कुठाय म्हंजे? वावरात. ट्रॉल्या भरभरून टाकला. मृगाच्या तोंडावर उकिरडा कोण ठेवतं व्हय?"

"आन् गोणी?"

"लई चांगली गोणी होती. धुऊन ठेवलीय. देऊ का?"

"गोणीतल्या पट्ट्या, दादा!"

"ते पत्र्याचे तुकडे? गेले की शेणखताबरोबर. मला वाटलं तुमच्या कारखान्याचं भंगार. वरून माती फोडायला रोटाव्हेटर बी फिरला."

सर खड्ड्याच्या कडेला मटकन बसले. शेतकऱ्याचा मुलगा, जन्मभर उन्हाळ्यात उकिरडा उपसताना बघितलेला, आणि नेमकं तेच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर वहीत खोलीसुद्धा लिहिली होती. मग मामांनी, आजवर सरांच्या पाठीमागेच घेतलेलं नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर घेऊन, हळूच म्हटलं, "मंत्रीसाहेब, सरकार पडलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सेठ गाडीकडे वळले. तेवढ्यात सर उठले, धोतर असतं तर खोचलं असतं अशा आवेशात पँट वर ओढली आणि म्हणाले, "साहेब, दोन एकर वावर, बारा पट्ट्या. वहिनी चहा टाकतायत. चहा होईस्तोवर थांबा."

आम्ही एका रांगेत उभे राहिलो, खुरपायला बसतात तसे, आणि वाकून ढेकळं उलथत निघालो. ऊन चढत होतं. पहिली हाक मामांची आली.

"सापडली! निळी हाय!"

सगळे धावले. पट्टीला रोटाव्हेटरचं पातं लागलं होतं, कोपरा दुमडला होता. माती पुसली तर निळा रंग कालच लावल्यासारखा. सुरीच्या फुलीच्या कडेला गंजाची केसभर रेघ, बाकी काही नाही. उलटून बघितलं. एक भोक. साहेबांनी सरांची सुरी मागून घेतली आणि दुमडलेल्या कोपऱ्यावर जोरानं ओढली. रंग सुटला नाही.

"एकावरून काही सांगता येत नाही," ते म्हणाले. सरांनी मान हलवली, "बरोबर आहे."

दुसरी सरांच्या भावाला सापडली, तिसरी सेठना. सेठ पांढऱ्या कपड्यांत मातीत गुडघे टेकून बसले होते आणि पट्टी डोक्यावर धरून ओरडत होते, "एकीच छेद! एकीच छेद है!" चौथी, पाचवी. लांबूनच दिसायच्या. काळ्या मातीत निळं काही चमकलं की कोणीतरी पळायचं. चहा झाला, वहिनी तो बांधावर ठेवून स्वतःच शोधायला उतरल्या आणि सहावी त्यांनीच आणली. बांधावर सहा निळ्या पट्ट्या ओळीनं मांडल्या. सहाही एका भोकाच्या.

साहेबांनी एकेक पट्टी उलटून भोकं पुन्हा मोजली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमच्या पण निळ्याच होत्या."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण दोन एकरांत निळं शोधत होतो, आणि निळं संपलं होतं. त्यानंतर आम्ही मातीच्या रंगाचं शोधू लागलो. मला पायाखाली काहीतरी लागलं. वाळलेल्या शेणाची पापडी समजून मी ते बाजूला टाकणार होते, पण हाताला जड लागलं. तपकिरी, फुगलेलं, पदर सुटलेलं. नखानं टोकरलं तर तुकडा पडला, आणि त्याखाली दोन भोकं दिसली. मी ती पट्टी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली. त्यांच्या बोटांना गंज लागला आणि त्यांनी तो पुसला नाही.

दुपारपर्यंत अशा पाच मिळाल्या. एकीच्या फुलीतून तर पलीकडचं दिसत होतं. साहेबांनी त्या सगळ्या आपल्या बॅगेत घातल्या, आमच्या सहाही घातल्या, आणि सेठना विचारलं, "मृगाच्या आधी पहिली खेप देता येईल? थोडी असली तरी चालेल. आणि ती परीक्षा मला लिहून हवी, पायरी पायरीनं. म्हशीसकट."

सेठचा फोन वाजला. गोदामवाले होते, निघालो म्हणून सांगत होते. सेठनी मातीच्या हातानं फोन कानाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"नक्को भाई, आना नक्को. चाबी नहीं मिलती. जगा खालीच नहीं है, अंदर माल बनाना है."

मामांनी टोपी उडवली. कोणी शिट्टी मारली. सरांचा भाऊ ती धुतलेली गोणी घेऊन उभा होता आणि सगळ्यांना विचारत होता की आता नेमकं काय झालं. मी सरांना शोधत होते. या क्षणी त्यांचा चेहरा मला बघायचा होता.

ते आमच्यात नव्हतेच. वावराच्या पार त्या टोकाला, भर उन्हात, एकटे वाकून ढेकळं उलथत होते. मी ओरडले, "सर, झालं! जिंकलो आपण! या इकडं!"

"सहा पुरल्या होत्या, मॅडम," तिकडून आवाज आला. "पाचावर अहवाल लिहिता येत नाय!"

मग ते आणखी वाकले, काहीतरी उचललं, शर्टाला पुसलं, उन्हात धरून मागची बाजू बघितली, आणि तसाच हात वर ठेवून ताठ उभे राहिले.

"सापडली! दोन भोकं! लिहून घ्या, मॅडम!"

मी वही उघडली आणि लिहून घेतलं.